खालची रांग

मी एक जुना गोळ्यांचा डबा आहे, मित्रांनो. मला चौदा कप्पे आणि चौदा झाकणे आहेत. वरची रांग निळी, खालची पांढरी. प्रत्येक झाकणावर वाराचे एक अक्षर होते. बोटे लागून लागून ती पुसली गेली, आता फक्त रविवारचे उरले आहे. खालच्या रांगेतले बुधवारचे झाकण निखळलेले आहे. जखमेवर लावतात तसल्या चिकटपट्टीने ते धरून ठेवले आहे. ती पट्टी मारीविकने लावली होती, म्हणून तिचा नवरा ग्लेन ती बदलत नाही.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. प्लॅस्टिक तापले, साच्यात पडले, थंड झाले. माझ्यासारखे हजारो त्याच दिवशी जन्मले. मग मी ग्रिम्सबी या बंदराच्या गावी एका औषधाच्या दुकानात खिळ्याला टांगला गेलो. तिथून ग्लेनने मला घरी नेले.

ग्लेन मासळीच्या शीतगृहात हमाली करायचा. एकदा गोठलेल्या माशांची थप्पी त्याच्या पाठीवर कोसळली आणि त्याची हमाली कायमची सुटली. सरकार त्याला भत्ता देऊ लागले, आणि भत्त्यासोबत औषधेही फुकट मिळू लागली. सकाळची गोळी घेतली की नाही हे मात्र त्याला दुपारी आठवत नसे. मला आणले ते त्यासाठी.

मारीविक त्याची बायको. ती फिलिपिन्सची. ग्लेनच्या एका जुन्या सोबत्याची बायको रोवेना, तिची ही मैत्रीण. रोवेनामुळेच दोघांची ओळख झाली, आणि वयाची चाळिशी उलटल्यावर मारीविक लग्न करून ग्रिम्सबीला आली. ती माशाच्या कारखान्यात पाकिटे भरण्याच्या रांगेत उभी राहायची. तिला रक्तदाब होता, त्याची एक गोळी रोज घ्यावी लागे.

मला घरी आणले त्या रविवारी तिने मला टेबलावर ठेवले आणि वाटणी करून टाकली.

"वरची रांग तुझी, खालची माझी. माझ्या रांगेत हात घालायचा नाही."

"का गं? तुझ्या गोळ्या गोड आहेत होय?"

"गोड नाहीत, विकतच्या आहेत. तुझ्या फुकटच्या. फुकट्यांनी आपलं वरच बसावं."

ग्लेन पाठ धरून हसला. त्याला हसतानाही पाठ दुखायची.

ते माझे चांगले दिवस होते. दर रविवारी मारीविक मला पुसायची, वाळत ठेवायची आणि भरायची. भरताना गुणगुणायची. कधी ती खारवलेले सुके मासे तळायची, आणि शेजारी भिंतीवर थापा मारायचा. "माशांचं गाव, आणि माशाच्या वासाची तक्रार!" असे म्हणून ती आणखी दोन तळायची. माझ्यात गोळी पडली की टप् असा आवाज व्हायचा. अख्ख्या गोळीचा आवाज अर्ध्या गोळीपेक्षा वेगळा असतो. तेव्हा मला हे माहीत नव्हते, कारण तोवर अर्धी गोळी माझ्यात कधी पडलीच नव्हती.

मारीविकच्या पर्समध्ये एक कार्ड होते. या देशात राहायची परवानगी म्हणजे ते कार्ड. त्यावर तिचा फोटो, आणि एक ओळ. सरकारी पैशातून काही मिळणार नाही, असा त्या ओळीचा अर्थ. ती काम करू शकत होती. तिच्या पगारातून कर कापला जाई. व्हिसाच्या वेळी दवाखान्याचे म्हणून वेगळे पैसेही तिने आधीच भरले होते. पण भत्त्यात तिला धरत नसत. सरकार ग्लेनला एकट्याचा भत्ता देई आणि घरात येणारी कमाई मोजताना मात्र तिचीही मोजी. "खाताना मी पाहुणी, मोजताना घरची," असे ती म्हणायची. तेव्हा ती हे हसून म्हणायची.

आता खुणेची गोष्ट सांगतो, कारण सगळे तिथून बिघडले. या देशात डॉक्टरच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला चौकटी असतात. औषध फुकट मिळत असेल तर आपल्या कारणाच्या चौकटीत खूण करायची आणि सही करायची. नसेल तर पैसे भरायचे. एका दुपारी दोघे दुकानात गेले. कारखान्याने मारीविकचे कामाचे दिवस कमी केले होते. काउंटरवर डॉट होती. गावातल्या अर्ध्या लोकांची दुखणी तिला पाठ होती.

"पैसे की खूण?" डॉटने विचारले.

"मी तर खूणच करतो," ग्लेन म्हणाला. "हिच्या चिठ्ठीचं काय करू?"

"नवराबायकोच ना रे तुम्ही? मग कर की तिच्यावरही. एका घरात दोन चुली मांडल्यात काय?"

मारीविकने विचारले, "नक्की ना, बाई?"

"अगं पोरी, तीस वर्षं मी या काउंटरला टेकून उभी आहे."

ग्लेनने खूण केली. दीड महिन्याने मारीविकच्या नावाने पत्र आले. ती खूण चुकीची होती. ग्लेनच्या भत्त्यात तिचे नाव नव्हते, म्हणून औषधाची किंमत भरा आणि वर दंड भरा, असे त्यात लिहिले होते.

ग्लेनला राग आला. "मी फोन करतो. खूण मी केली, दंड मला करा म्हणतो."

"नको," मारीविक म्हणाली. "फोन केलास तर आणखी एक नोंद होईल."

तिने त्याच दिवशी दंड भरला. संध्याकाळी रोवेना आली. तिने पत्र दोनदा वाचले आणि घडी घालून परत दिले.

"लेखी आलं म्हणजे फायलीत गेलं बघ. तुझं कार्ड कधी संपतंय?"

"एप्रिलमध्ये."

"मग एप्रिलपर्यंत श्वासाशिवाय काही फुकट घेऊ नकोस. माझ्या ओळखीतल्या एकीला परत पाठवली, माहितीये? तिनं काय घेतलं होतं कुणास ठाऊक, पण काहीतरी घेतलं होतं खरं."

ते 'काहीतरी' काय होते हे रोवेनालाही माहीत नव्हते, मित्रांनो. पण त्या दिवसापासून ते आमच्या घरात राहायला आले.

पुढच्या रविवारी मारीविकने भाजीची लहान सुरी घेतली. बशीवर गोळी ठेवली आणि मधोमध सुरी दाबली. एक तुकडा माझ्यात टाकला, दुसरा परत पाकिटात. टप् असा आवाज झाला नाही, बारीक टिक् असा झाला. सात वार, सात अर्धे तुकडे. महिन्याचे पाकीट आता दोन महिने पुरणार होते.

माझ्या कोपऱ्यांत पांढरी पूड साचू लागली. एकदा ग्लेनला ती दिसली.

"हे काय गं पांढरं?"

"मीठ. सुक्या माशाचं."

त्याला ते पटले. त्याची रांग माझ्यावरच होती, रोज सकाळी त्याचा अंगठा तिच्या झाकणापासून एका बोटाच्या अंतरावर यायचा. पण त्याला सांगितलेले होते, माझ्या रांगेत हात घालायचा नाही. तो शब्दाचा पक्का होता.

रक्तदाब तपासायची तारीख आली की आधीचे तीन दिवस ती अख्खी गोळी घ्यायची. तरी आकडा उतरला नाही. अर्ध्या गोळीवर काढलेल्या महिन्यांपुढे तीन अख्ख्या दिवसांचे काय चालणार? डॉक्टरला वाटले, औषध कमी पडते आहे. त्याने दुसरी गोळी जोडून दिली. म्हणजे पैसेही दुप्पट झाले. मारीविकने दोन्ही गोळ्या अर्ध्या केल्या. ती डॉक्टरला काही बोलली नाही, आणि डॉक्टरनेही विचारले नाही.

डॉटने मात्र विचारले. दंडाचे ऐकल्यापासून तिला चैन नव्हती.

"तुझं पाकीट अजून संपलं नाही? मी तारखा बघते हो."

"उरतात, बाई. मी लहानखुरी आहे ना."

"लबाड आहेस." डॉटने काउंटरखालून एक जाड फॉर्म काढला. "हा भर. कमी कमाईवाल्यांसाठी आहे. खूण नको, काही नको, ते स्वतः तपासून तुला कागद देतात. कार्डाशी याचा संबंध नाही. औषध त्या ओळीत मोडत नाही, पोरी. या खेपेला मी विचारून घेतलंय."

मारीविक नम्रपणे म्हणाली, "त्या खेपेलाही तुम्ही असंच सांगितलं होतं, बाई."

या खेपेला मात्र डॉट खरे सांगत होती.

मारीविकने फॉर्म घरी आणला, त्याची घडी केली आणि माझ्याखाली ठेवला. म्हणजे पाच महिने मी तिच्या औषधावर बसून होतो.

"फॉर्म धाडलास का?" ग्लेन अधूनमधून विचारायचा.

"कार्ड आलं की धाडते. कार्ड आलं की सगळं अख्खं."

"अख्खं म्हणजे?"

"म्हणजे पूर्ण. तू चहा पी."

त्या हिवाळ्यात तिचे डोके दुखायचे. ती ओला रुमाल बांधून कामावर जायची. गुणगुणणे बंद झाले होते. मीही पुसला जात नव्हतो. बुधवारचे झाकण निखळले ते तेव्हाच, घाईत उघडताना. तिने त्याला पट्टी लावली आणि म्हणाली, "एप्रिलपर्यंत टिक बाबा." ती माझ्याशी बोलली ते तेवढेच.

एप्रिलमध्ये शनिवारी कार्ड आले. ग्लेनने तिला मिठी मारली. तिने तिच्या देशातल्या लांब शेवया केल्या. ग्लेन काट्याने त्या तोडू लागला तशी तिने त्याच्या हातावर चापट मारली. "तोडू नकोस! शेवई तोडली की आयुष्य तुटतं."

"मग गिळू कशी, बगळ्यासारखी?"

"बगळ्यासारखी."

कितीतरी दिवसांनी ती पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ग्लेन बाहेर गेल्यावर तिने मला बाजूला सरकवून फॉर्म काढला. पेन घेतले. स्वतःचे नाव लिहिले, जन्मतारीख लिहिली. मग तारखांची खात्री करायला नवे कार्ड समोर ठेवले. त्यावर नवा फोटो होता, नवी तारीख होती. सरकारी पैशातून काही मिळणार नाही, ही ओळ मात्र तीच होती. आणखी अडीच वर्षांसाठी.

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग पेनाला टोपण लावले, फॉर्मची घडी केली आणि मला त्याच्यावर ठेवले. सुरी घेतली. टिक्, टिक्, टिक्. मित्रांनो, शेवई तोडू न देणारे हात तेच होते.

गुरुवारी सकाळी तिने खालचे गुरुवारचे झाकण उघडले. गोळी उचलायला हात पुढे केला आणि ती ओट्याच्या कडेला घसरत खाली बसली. तिचा चेहरा एका बाजूने ओघळला होता. ग्लेनने फोन केला. रुग्णवाहिकेतून एक बाई आणि एक माणूस आले.

"कोणती औषधं घेतात या?" बाईने विचारले.

ग्लेनने मला उचलून तिच्या हातात दिले. "ही खालची रांग. रोज घेते, एक दिवस चुकवत नाही."

बाईने एक झाकण उघडले. दुसरे उघडले. तिसरे उघडले.

"या अर्ध्या का आहेत?"

"अर्ध्या?" ग्लेन म्हणाला.



इस्पितळात तिला चार दिवस ठेवले. नळ्या लावल्या, यंत्रे लावली, दिवसातून कितीतरी औषधे दिली. तिथे तिला कुणी विचारले नाही, पैसे की खूण. सोमवारी ती गेली.

नंतर डॉट आली. माझ्याखालचा फॉर्म तिने पाहिला. नाव आणि जन्मतारीख, पुढे सगळे कोरे. ती खुर्चीवर बसली आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागली. रोवेना दारातच रडत होती. "मीच भरवलं रे तिच्या डोक्यात."

"तू भरवलंस, डॉट बोलली, खूण मी केली," ग्लेन म्हणाला. "कुणाकुणाला धरून बसू? तिचा डबा माझ्या हाताशी होता. रोज सकाळी होता."

आता दर रविवारी ग्लेन मला भरतो. वरची रांगच भरतो. खालच्या रांगेत गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारचे तुकडे अजून तसेच आहेत. ते पिवळे पडले आहेत. कोपऱ्यातली पूड तो पुसत नाही. कधी कधी तो खालचे एक झाकण उघडतो, बघतो आणि बंद करतो. आता त्याला हात घालायला कुणी मना करत नाही.

मित्रांनो, मला चौदा झाकणे आहेत, पण तोंड एकही नाही. असते तर सुरी आली त्या पहिल्याच रविवारी ओरडलो असतो. तुम्हाला तोंड आहे. भीती वाटली तर ज्याला माहीत आहे त्याला विचारा, आणि त्याचे पूर्वी एकदा चुकले म्हणून दुसऱ्यांदा विचारणे सोडू नका. आणि घरातले कुणी तुम्हाला हसत म्हणाले, माझ्या रांगेत हात घालू नकोस, तर तुम्हीही हसा. मग ते माणूस खोलीबाहेर गेले, की झाकण उघडून बघा.