टोप्यांखाली राहिलेला हात

ज्या वर्षी माझ्या मालकाची मुलगी व्रेनी हिच्या जुळ्या मुलींचा बाप्तिस्मा झाला, त्याच वर्षी माझे काम संपले. मी एक जुनी तलवार आहे. मित्रांनो, तलवार म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर घोडे आणि किल्ले येत असतील. माझ्या आयुष्यात तसे काही नाही. मी आखूड आहे, सरळ पात्याची आहे आणि रक्त मी कधी पाहिलेले नाही. एकदा गवताच्या गंजीखालून उंदीर हुसकायला मला वापरले होते. तोही निसटला.

मी मत देण्याची तलवार आहे.

आमच्या डोंगराळ प्रांतात एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सगळे पुरुष एका चौकात जमत, एका वर्षी हुंडविलला आणि दुसऱ्या वर्षी ट्रोगेनला. अंगात काळा कोट, डोक्यावर काळी टोपी आणि कमरेला तलवार. ज्याच्या कमरेला तलवार, त्याला मत. दुसरा दाखला कोणी मागत नसे. मंचावरून प्रांताचा प्रमुख विचारी, हा कायदा हवा का? हवा असेल ते उजवा हात वर करीत. ते हात खाली आले की नको असलेले आपले हात वर करीत. हात कोणी मोजत नसे. मंचावरची माणसे गर्दीवरून नजर फिरवीत आणि हातांचे रान कोणत्या वेळी जास्त दाट होते ते सांगत. ते म्हणतील तो निकाल.

मला खालच्या दरीतल्या एका लोहाराने घडवले. मुठीला नासपतीचे लाकूड बसवले. बापाकडून मुलाकडे असे करत मी बार्थोलोमेकडे आले. तो गाईवाला माणूस. घरात सगळे त्याला बार्टली म्हणत. वर्षभर मी शेगडीजवळच्या भिंतीवर खुंटीला लटकत असे. एप्रिल आला की तो मला खाली काढी, टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरी आणि दूध काढताना हाताला लावायची चरबी माझ्या पात्याला चोळी. त्या वर्तमानपत्रांवर पडून पडूनच मला अक्षरे कळू लागली. फार उशिरा, पण कळली.

ते दिवस चांगले होते. हजारो पुरुष उघड्या आभाळाखाली एकदम गाऊ लागले की माझे पाते म्यानात थरथरे. बार्थोलोमे एरवी बुटका, कमी बोलणारा. पण त्या चौकात तो ताठ उभा राही आणि हात वर करताना कोपर जरासुद्धा वाकू देत नसे. मी त्याच्या कमरेला असे, त्यामुळे त्याने कधी कशाला हात वर केला ते मला माहीत असे. सगळ्यांनाच माहीत असे. तीच तर त्या सभेची रीत होती.

त्याची बायको एल्सबेथ मात्र घरी राही. ती त्याच्या कोटावर ब्रश फिरवी, माझा पट्टा आवळी आणि दारातून पाहत राही. दुपारी तो परतला की विचारी, "काय काय झालं?" आणि तो सांगू लागला की कमरेवर हात ठेवून म्हणे, "शाळेच्या छपराला नाही म्हणालास? पाऊस तुझ्या डोक्यावर पडतो का रे?" तो सूप पीत राही.

पुढे बायकांना मताचा हक्क द्यावा का, हे पुरुषांनाच विचारले गेले. हुंडविलच्या चौकात बार्थोलोमेचा हात 'हो'साठी वर गेला. शेजारी नेफ उभा होता. हा नेफ गावातला चीज करणारा. सगळे जण त्याच्याकडे दूध घालत. त्याने मान वळवून त्या वर गेलेल्या हाताकडे पाहिले. पुढे कितीतरी दिवस त्याच्या चीजघरात बार्थोलोमेला कोणी बस म्हटले नाही. पण प्रस्ताव मंजूर झाला. पुढच्या वर्षी एल्सबेथ पहिल्यांदा ट्रोगेनला निघाली. तिच्या कमरेचे हाड तोवर झिजले होते. धड उभेही राहवत नव्हते. बार्थोलोमेने एका हाताने तिला काठीसारखा आधार दिला आणि दुसऱ्या हातात गोठ्यातले तिपाई स्टूल घेतले.

वाटेत नेफ भेटलाच. "काय एल्सबेथ, तलवार विसरलीस?"

बायकांना तलवार नव्हती, मतदानाचे कार्ड होते.

"माझी तोंडात असते नेफ," ती म्हणाली. "काढू बाहेर?"

नेफ हसला. तेवढ्यावर त्यांचे मिटले.

चौकात ती स्टूलवर बसली. भोवती माणसे दाटली. मी बार्थोलोमेच्या कमरेला होते, म्हणजे बरोबर तिच्या डोळ्यांसमोर. तिला जे दिसत होते तेच मला दिसत होते. कोटांच्या पाठी आणि वर आभाळाचा एक चौकोन. प्रमुखाने प्रश्न विचारला. तिने हात वर केला. अगदी त्याच्यासारखा, कोपर न वाकवता. तो हात पुढच्या माणसाच्या टोपीपर्यंतही पोचला नाही.

निकाल सांगून झाला. लोक पांगू लागले तेव्हा तिने विचारले, "बार्टली, माझा हात कोणी पाहिला?"

"मी पाहिला."

"तू मंचावर होतास?"

त्याने स्टूल उचलले. दोघे घराकडे चालू लागले. त्यानंतर ती पुन्हा सभेला गेली नाही.

मित्रांनो, मग ते वर्ष आले. आता ही सभाच ठेवायची की बंद करून मतपेटीत कागद टाकायचे, यावर सार्वमत ठरले. आणि ते सार्वमत चौकात नव्हते, मतपेटीतच होते. सगळा उन्हाळा आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. नेफ संध्याकाळी येई, कॉफीत स्वतःच्या बाटलीतले थोडे ओती आणि सुरू होई.

"कागद काय, लपूनछपून कोणीही लिहील. माणसाने तोंड दाखवून मत द्यावं. उद्या शेजाऱ्याच्या विरुद्ध मत देऊन त्याच्याच घरी कॉफी पितील लोक."

"तू काय करतोयस आत्ता?" एल्सबेथ म्हणाली.

व्रेनी, त्यांची मुलगी, त्या दिवशी जुळ्यांना घेऊन आली होती. ती भरतकामाच्या कारखान्यात कामाला. "नेफकाका, तुझ्यामागे कोण उभं असतं? चीजच्या चकत्या. माझ्यामागे मालक उभा असतो. रस्त्याच्या मताच्या वेळी मी हात वर केला, तो कानापर्यंतच गेला. मग मी रुमाल सारखा केला. त्या दिवशी सगळ्यांनी माझं तोंड पाहिलं, पण मत दिलंच गेलं नाही."

"म्हणजे तू भित्री आणि आम्ही सभा मोडायची?"

"हो, मी भित्री! भित्र्यांना मत नाही असं लिहिलंय का कुठे?"

नेफने कप खाली ठेवला. "बार्टली, तू बोल की. तुझ्या पणज्याची तलवार आहे ती. उद्या काय, तिने सॉसेज कापणार?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मग बार्थोलोमेकडे. तो टेबलावर सांडलेली साखर बोटाने एकत्र करीत होता. "ते गाणं," तो म्हणाला. "कागद टाकताना गाता नाही येणार." एवढेच. मला वाटले, ठरले. मी वाचले.

"एल्सबेथचाच प्रश्न असेल," नेफ म्हणाला, "तर मी तिला माझ्या दुधाच्या गाडीत बसवून नेतो. गाडी उंच आहे."

"कॅनांमध्ये?" ती म्हणाली. "म्हणजे मंचावरून म्हणतील, एक कॅन बाजूने." सगळे हसले, तीही हसली. मग बार्थोलोमेकडे वळून ती हळूच म्हणाली, "मला उंच नाही व्हायचं. माझं मत मोजलेलं हवंय. मरायच्या आधी एकदा."

नेफने बाटलीला बूच लावले.

मतपत्रिका टपालाने आल्या, प्रत्येकाची कार्डासकट. एल्सबेथने आपली त्याच दिवशी लिहिली, पाकीट चिकटवले, कार्डावर सही केली. बार्थोलोमेची तशीच पडून राहिली, मिठाच्या भांड्याखाली. जेवताना तो ती सरकवी आणि पुन्हा तिथेच ठेवी.

सप्टेंबरच्या त्या रविवारी चर्च सुटल्यावर त्याने काळा कोट घातला आणि मला खुंटीवरून काढले. एप्रिल नव्हता, सभा नव्हती. एल्सबेथ डोळे पुसत हसू लागली. "अरे, लढाईला निघालास का?"

"मत द्यायला निघालोय," तो म्हणाला. मत म्हणजे तलवार, हे त्याच्या हाडात होते. तिचे पाकीट खिशात टाकून तो उतार उतरला.

गावाच्या कचेरीत मतपेटीशी त्या दिवशी नेफच बसला होता. बार्थोलोमेने एल्सबेथचे पाकीट आणि कार्ड दिले. नेफने ते नीट पाहिले आणि कागद पेटीत पडला. फार हलका आवाज झाला.

"आता तुझं."

बार्थोलोमेने सवयीने माझ्या मुठीवर थाप मारली.

नेफने माझ्याकडे पाहिले. सगळा उन्हाळा माझ्या बाजूने भांडलेला माणूस तो. "बार्टली," तो खालच्या आवाजात म्हणाला, "ही इथे नाही चालत रे. कार्ड आण."

कार्ड मिठाच्या भांड्याखाली होते. बार्थोलोमे पुन्हा चढण चढला. दारात एल्सबेथने त्याचा चेहरा पाहिला आणि या खेपेला ती हसली नाही. त्याने पट्टा सोडला, मला खुंटीवर टांगले आणि टेबलाशी बसला. माझ्याकडे पाठ करून बसला. शाळकरी पोरे शेजाऱ्याने बघू नये म्हणून पाटीभोवती हात वळवतात, तसा त्याने कागदाभोवती डावा हात वळवला आणि एक शब्द लिहिला.

"दाखव," एल्सबेथ म्हणाली.

"गुप्त असतं म्हणे."

"बार्टली!"

"तूच म्हणत होतीस ना, कागद पाहिजे म्हणून." आणि तो गेला. मला न घेता.

त्याने आयुष्यभर दिलेले प्रत्येक मत मला माहीत आहे. छपराचे, रस्त्याचे, बायकांचे. ते एक मला माहीत नाही. सभा बंद करायची, असा निकाल लागला. फरक मोठा नव्हता.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्र पसरले गेले नाही. पट्ट्याचे चामडे कडक झाले, पात्यावर तपकिरी ठिपके आले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? चौकातले ते गाणे मी पुन्हा ऐकले नाही आणि तशी दुसरी गोष्ट मला सापडलेली नाही. पण खुंटीवरून मला टेबल दिसत असे. मतदान आले की एल्सबेथ चर्चचा पोशाख घाली, गळ्याशी ब्रोच लावी, काठीच्या आधाराने येऊन बसे आणि कागदावर आपला शब्द लिही. लिहून झाले की पाकिटावरून दोनदा तळवा फिरवी. मग म्हणे, "सांग की आता. त्या दिवशी काय लिहिलंस?" तो म्हणे, "तुझं काय होतं?" ती म्हणे, "सगळ्या गावाला माहीत आहे माझं." तो मान हलवी आणि तिच्यापुढे सूप ठेवी.

आता मी व्रेनीच्या घरी आहे. तिच्या मुली कधीतरी मला खाली काढतात आणि चरबी चोळतात. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे जुने काही असेल तर त्याला वर्षातून एकदा तरी हात लावा. गंज लागायला फार दिवस लागत नाहीत. आणि कुठेही हात वर करायची वेळ आली, शाळेत, गावात, कुठेही, तर आपला हात वर करण्याआधी मागे वळून एकदा बघा. कोणी स्टूलवर बसले आहे का, ते बघा.

एल्सबेथ १९९९ च्या नोव्हेंबरात वारली. बार्थोलोमे २००३ च्या फेब्रुवारीत गेला. त्या दिवशी काय लिहिले, ते त्याने तिला शेवटपर्यंत सांगितले नाही.