परवानगी मागे घेताना

मनवानं ‘रद्द करा’वर तिसऱ्यांदा बोट टेकवलं. मोबाईलनं पुन्हा तेच सांगितलं: शुल्कापुरती शिल्लक नाही.

समोर तिच्या सासूबाई, सुनीतीबाई, चेकबुक उघडून बसल्या होत्या. पेन्शन त्यांची, पण दर महिन्याला कोऱ्या चेकांवर सह्या करून ते सासऱ्यांच्या हाती द्यायचे, ही सावेडीतल्या या घराची पद्धत होती.

“काय अडलंय गं?”

“माझ्या क्रिप्टोच्या ऑनलाईन पाकिटावर अनिमेषची परवानगी आहे, आई. परदेशातली कंपनी त्यात पगाराची टोकन, म्हणजे डिजिटल पैसे, पाठवते. तो ती हवी तेव्हा, हवी तेवढी उचलतो.”

“तूच दिलीस ना ती?”

“लग्नाच्या आठवड्यात. म्हणाला, हिशेबाची दगदग तुला कशाला. मी वाचलंही नाही.”

परवानगी मागे घ्यायला नेटवर्कचं स्वतःचं नाणं शुल्क म्हणून लागे. ते पाकिटात नव्हतं. टोकन विकून घ्यावं, तर विकायलाही तेच नाणं लागे. पाकिटाचा पत्ता वर्षभराच्या करारात बांधलेला, बदलता येत नव्हता. उद्या बोनस यायचा होता. त्यावर तिनं पुण्यातल्या एम.एस्सी.ची फी धरली होती.

मोबाईल वाजला. सकाळी जिच्याकडे नाणं मागितलं होतं, ती कोपरगावची मैत्रीण पंकजा: ‘नाणं पाठवलंय. एवढा हुशार नवरा, आणि तुझ्याकडे चिल्लर नाही?’

मनवा हसली नाही. नेटवर्कवर गर्दी होती. शुल्क आलेल्या नाण्याच्या वर गेलेलं. थोडं उतरलं, परत चढलं. मग बरंच खाली आलं आणि बटण निळं झालं. तिचं बोट हवेतच राहिलं.

“किती लागतात?” सुनीतीबाईंनी विचारलं.

“आत्ता साठेक रुपये.”

“एवढेच?”

“एवढेच. पण उद्या उचलायला गेला की त्याला कळेल.”

सुनीतीबाईंनी चेकवर सही केली. अंगणात सासऱ्यांनी, हेमचंद्ररावांनी, स्कूटर सुरू केली.

“अगं, झाल्या का सह्या? बँकेत गर्दी होते नंतर.”

सुनीतीबाईंनी सही केलेला चेक फाडून घेतला, घड्या घालून चष्म्याच्या डबीत सारला. पेनाला टोपण लावलं. चेकबुक पिशवीत टाकून त्या दारात गेल्या आणि चपला शोधू लागल्या.

“थांबा,” त्या म्हणाल्या, “मीच येते.”

मनवानं बोट टेकवलं. पडद्यावर एक वर्तुळ फिरत राहिलं.

बाहेर स्कूटर बंद झाली.