साहेबांनी न दिलेली गोणी

मी एक तागाची गोणी बोलतेय. कुणी मला पोतं म्हणतं, मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, व्यापारी बारदान म्हणतात. हवं ते म्हणा, पण जरा लांब बसून ऐका. रागानं नाही, काळजीनं सांगतेय. माझ्या विणीत जे अडकलंय ते डोळ्यांना दिसत नाही.

माझा जन्म बंगालमधल्या एका ताग गिरणीत झाला. माझ्या काही बहिणी तांदळाला गेल्या, काही साखरेला. मी होते ती गासडी मात्र एका खाणीवर जाऊन पडली. तिथं माझ्यात दगडातून निघालेला कापूस भरला. हाताला मऊ, आणि आगीत टाकला तरी जळत नाही. त्याला ॲस्बेस्टॉस म्हणतात. खरं सांगते, मला तेव्हा अभिमान वाटला होता. धान्याच्या पोत्यांना उंदीर कुरतडतात, माझ्या वाटेला कुणी जाणार नव्हतं.

मालगाडीनं मी औरंगाबादला आले. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. स्टेशनजवळच्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना या कापसाचे दोर वळायचा, बॉयलरच्या नळांना गुंडाळायला. कामगार चाकूनं माझं तोंड उसवायचे आणि मला उलटी करून झटकायचे. पिठाच्या गिरणीत उडतं तसं पांढरं उडायचं. कुणी नाकाला फडकं बांधलं तर बाकीचे त्याची थट्टा करायचे, "काय रे, नवरी झालास का?" मग तोही लाजून फडकं सोडायचा.

त्यांच्यातलाच एक बद्रीनाथ गोर्डे. पैठणकडचा. शेत जायकवाडीच्या पाण्याखाली गेलं, म्हणून शहरात आला आणि उस्मानपुऱ्यात एक खोली भाड्यानं घेऊन राहिला. खोलीत तो आणि त्याची बायको साळूबाई. मूलबाळ नव्हतं.

कारखान्यात दोन नियम कडक होते. कामाचे कपडे तिथंच बदलायचे आणि तिथंच धुवायला टाकायचे. आणि रिकाम्या गोण्या मोजून थप्पीला लावायच्या, कारण दर महिन्याला एक व्यापारी त्या मोंढ्यात विकायला न्यायचा. कामगारानं एकही घरी न्यायची नाही. फाटकावर फकिरा नावाचा पहारेकरी झडती घ्यायचा.

दिवाळीच्या तोंडावर कायम कामगारांना बोनस मिळाला, वर स्टीलचा एकेक डबाही. बद्रीनाथ नवा, त्याला काहीच नाही. रिकाम्या हातानं सणाला घरी जायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं थप्पीतून मला ओढलं, सदऱ्याखाली पोटाला गुंडाळलं आणि फाटकाकडे निघाला. फकिरानं त्याच्या पोटाकडे पाहिलं.

"बद्री, दुपारचं जेवन लई झालं वाटतं," एवढंच तो म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

घरी साळूबाईनं मला उलगडून पाहिलं. "कुठून आणलं वो?"

"साहेबानं दिलं. कामावर खूश होऊन."

त्या एका वाक्यानं माझं आयुष्य पालटलं. साळूबाईनं मला मागच्या दगडावर नेऊन मनसोक्त झोडपलं. पदर तोंडाशी धरून ती हसत होती. "बाई, किती पीठ निघतंय याच्यातून." मग जुन्या लुगड्याचा काठ लावून तिनं माझं बस्कर शिवलं. ते खास पाहुण्यांसाठी. एरवी गहू निवडताना ती स्वतः बसायची, बाकी कुणाला पाय लावू द्यायची नाही. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं की आमच्या ह्यांना साहेबानं दिलंय. मला इतका मान कुणीच दिला नव्हता. मी फुशारून गेले, आता कबूल करायला हरकत नाही.

पुढच्या दिवाळीला तिनं विचारलं, "यंदा काय दिलं साहेबानं?" आता काय सांगणार? दुसरी गोणी आली. मग तिसरी. अशा आठ दिवाळ्यांत आठ आल्या. साळूबाईलाही रीतभात होतीच. घेणं आहे तर देणंही हवं. ती दर वर्षी साहेबांसाठी फराळाचा डबा भरून द्यायची. करंज्या, शेव, रव्याचे लाडू. साहेबांच्या खोलीत पाय ठेवायचीही बद्रीनाथची छाती नव्हती. तो आणि फकिरा फाटकामागे बसून डबा संपवायचे.

"आवडलं का साहेबाला?"

"लई."

तिच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते पाहून मला बद्रीनाथची कीव यायची.

दर शनिवारी ती आम्हा सगळ्या गोण्यांना झोडपायची. बाकीच्या झिजल्या, फाटल्या, पोतेऱ्याला गेल्या. मी काठामुळे टिकले. नववी दिवाळी यायच्या आत कारखान्यानं तागाच्या गोण्या बंद केल्या. बद्रीनाथही सुटला म्हणायचा. तोवर त्याची नोकरी कायम झाली होती.

बरीच वर्षं गेली. बद्रीनाथ निवृत्त झाला. त्याला चालताना धाप लागायची, पण अंथरूण धरलं ते साळूबाईनं. छातीत कळ यायची, श्वास अर्ध्यावर अडायचा. टीबी म्हणून वर्षभर गोळ्या झाल्या. दोनदा छातीतून पाणी काढलं. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं तपासण्या पाहून तिला विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या कारखान्यात होता?"

"म्या? म्या घरीच असते."

हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग आहे, आणि असा आजार बहुधा ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं होतो, असं डॉक्टरनं समजावलं. घरी आल्यावर साळूबाई ते शेजारणीला सांगत होती. बद्रीनाथ भिंतीला टेकून बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं आणि मलाही कळलं. इतकी वर्षं ती मला झोडपत होती, आणि त्यातला एकेक तडाखा तिलाच बसत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला गुंडाळून कचऱ्यात नेऊन टाकलं. साळूबाई दम खात खात आली आणि मला परत घेऊन गेली. "साहेबानं दिलेलं कुणी टाकतं का?" खरं सांगितलं असतं तर तिनं मला तिथंच सोडलं असतं. पण त्यानं मला नुसतं ओलं करून पुसलं आणि एवढंच बजावलं, "आता झोडपायचं नाय." त्या दिवशी मला त्याचा फार राग आला. माणसाला लाज जिवापेक्षा मोठी वाटते, आणि इथं तर जीव त्याचा नव्हताच.

याच सुमारास कारखान्यातले आजारी कामगार भरपाईसाठी एकत्र आले होते. प्रमोदिनी नावाच्या वकीलबाई त्यांचं काम बघत होत्या. कंपनी तडजोडीला तयार झाली, आणि तिनं केलेल्या यादीत बद्रीनाथचंही नाव होतं. यादीखाली एक अट होती. कुणावर चोरी किंवा गैरवर्तन शाबित झालं तर त्याचं नाव कटणार. साळूबाई कामगार नसल्यामुळे तिचा दावा वेगळा, दिवाणी न्यायालयात. कंपनीनं कानावर हात ठेवले. कपडे आम्हीच धूत होतो, आमची धूळ फाटकाबाहेर गेलीच नाही, असं कंपनीचं म्हणणं. प्रमोदिनीबाईंनी बद्रीनाथला तीनदा विचारलं, धूळ घरी आली कशी? तो तिन्ही वेळा म्हणाला, "काय की, बाई."

मग जबाबाची तारीख आली. दोन जिने चढून साळूबाई कोर्टात पोचली आणि मागच्या बाकावर मला अंथरून बसली. हो, मलाच. ती मला पिशवीत घालून घेऊन आली होती. कंपनी वाईट पण साहेब चांगला, अशी तिच्या मनात फोड होती. माणसं अशी फोड करतात.

पुकारा झाला. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. न्यायाधीशांनी नाव विचारलं. "साळू..." म्हणेपर्यंत श्वास संपला. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा तेवढंच निघालं. न्यायाधीश म्हणाले, "बाई, तुम्ही बसा. आज तुमच्या यजमानांचा जबाब घेऊ."

ती परत येऊन माझ्यावर बसली. बद्रीनाथ उभा राहिला. प्रमोदिनीबाईंचे प्रश्न झाले, मग कंपनीचे वकील व्यंकटराव उठले.

"कामाचे कपडे कुठे धुतले जायचे?"

"कंपनीतच."

"कधी घरी नेले?"

"नाय."

"मग आमची धूळ तुमच्या बायकोपर्यंत गेली कशी? उडत?"

दोघं-चौघं हसले. बद्रीनाथनं बाकाकडे पाहिलं.

"म्या नेली," तो म्हणाला. "पोटाला पोती गुंडाळून. आठ दिवाळ्या. ती बसलीय ना, त्यातलंच एक हाय ते."

सगळं कोर्ट वळून माझ्याकडे बघायला लागलं. शेजारी बसलेले उठून लांब झाले. साळूबाई उठली नाही.

"म्हणजे तुम्ही कंपनीची चोरी केलीत?"

"व्हय. चोरीच."

"आणि त्या चोरीमुळे तुमची बायको आजारी पडली."

"व्हय."

व्यंकटराव समाधानानं बसले. प्रमोदिनीबाई उठल्या. त्यांनाही हे सारं नवंच होतं, पण त्या डगमगल्या नाहीत.

"गोण्या न्यायला बंदी का होती? कंपनीनं काय सांगितलं होतं?"

"व्यापाऱ्याला मोजून द्यायच्या असत्यात म्हणून."

"त्यात जीव घेणारी धूळ आहे, असं कधी कुणी सांगितलं?"

"नाय. सांगितलं असतं तर म्या घरी कामून नेली असती?"

न्यायाधीशांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगितले. मला पुरावा म्हणून जमा करायचं ठरलं, आणि शिपाई जाड प्लास्टिकची पिशवी आणायला गेला. तेवढ्यात बद्रीनाथ बाकापाशी येऊन उभा राहिला. बसायची त्याची हिंमत झाली नाही.

साळूबाईनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "अन् फराळ?"

"म्या अन् फकिरानं खाल्ला."

"आठी वरसं?"

"व्हय."

ती श्वास गोळा करत राहिली. "बरं झालं," ती म्हणाली. "त्या साहेबाच्या पोटात नाय गेला." मग ती माझ्यावरून उठली, एकदा काठावरून हात फिरवायला वाकली, आणि हात मागे घेतला.

आठवड्याच्या आत कंपनीनं यादीतून बद्रीनाथचं नाव काढलं. त्याची स्वतःची भरपाई गेली. त्यानं तक्रार केली नाही.

साळूबाईचा जबाब नंतर कोर्टाच्या माणसानं दोन्ही वकिलांसमोर घरी जाऊन घेतला. त्या वेळी बद्रीनाथला खोलीबाहेर बसवलं होतं. पुढच्या महिन्यात ती गेली.

वादी मेला की दाव्याला वारस लावावा लागतो, आणि तोही नव्वद दिवसांत. नाहीतर दावा तिथंच संपतो. वारस एकटा बद्रीनाथ. सही त्यानंच करायची, आणि तो करेना.

"बाई, म्याच तिला मारलं," तो प्रमोदिनीबाईंना म्हणाला. "अन् भरपाई म्याच घ्यू?"

सत्तर दिवस गेले, ऐंशी गेले. शेवटी एका तारखेला बाईंनी त्याला कोर्टात बोलावून घेतलं. त्या दिवशी मलाही टेबलावर आणलं होतं. बाईंनी फायलीतून साळूबाईचा जबाब काढला आणि त्याच्याशेजारी बसून वाचायला सुरुवात केली. व्यंकटरावांनी साळूबाईला विचारलं होतं, गोणी तुमच्या नवऱ्यानं चोरून आणली, तर तुमची तक्रार नवऱ्याविरुद्ध नाही का?

तिचं उत्तर असं होतं:

"हाय. ते माझ्याशी खोटं बोलले. ती तक्रार आमी दोघांनी घरात मिटवली. तुमची अजून मिटायचीय."

बद्रीनाथ म्हणाला, "पुन्हा वाचा." बाईंनी पुन्हा वाचलं. त्यानं डोळे पुसले, पेन मागून घेतलं आणि अडखळत सही केली.

आता छत्रपती संभाजीनगरच्या कोर्टात, एका लोखंडी कपाटात मी राहते. प्लास्टिकमध्ये शिवलेली, वर लाखेचं सील आणि आकड्याची चिठ्ठी. मला बाहेर यायची घाई नाही. निकाल लागल्यावर मला जाळू नका, झटकू नका, कुणाला विकू नका. ओली करून खोल पुरा. माझ्या ज्या बहिणी मोंढ्यात विकल्या गेल्या त्या कुणाच्या घरात अंथरल्या गेल्या, ते मला माहीत नाही. त्या विचारानं फार वाईट वाटतं.

दावा चालू आहे. तारखा पडतात. बद्रीनाथ प्रत्येक तारखेला येतो. दर पाच पायऱ्यांना थांबतो, कारण त्याचीही छाती आता भरत आलीय. वारस लागला तरी दाव्यावर नाव अजून तिचंच आहे, म्हणून शिपाई दारात उभा राहून तिच्याच नावाचा पुकारा करतो, "साळूबाई बद्रीनाथ गोर्डे."

मागच्या बाकावरून बद्रीनाथ उठतो, कठड्याला धरतो आणि म्हणतो, "हाय."

माझं एवढंच मागणं आहे. तो 'हाय' म्हणायला आहे तोवर निकाल लागू द्या.