मी देवी नव्हे, कोंडूचं नाव

मित्रांनो, मला पाहून कुणी म्हणतं, हे एखाद्या जुन्या हंड्याचं झाकण असावं. कुणी म्हणतं, देवीचा टाक. एका भंगारवाल्याने तर मला तळहातावर तोलून विचारलं होतं, "किलो के भाव दोगे क्या?" यातलं मी काहीच नाही. मी काशाची एक जड चकती आहे, तळहात भरेल एवढी. वय पंचाहत्तर. या वयात माणसं नातवंडांचं कौतुक सांगतात. मला मात्र सांगायची आहे ती शिसारी, आणि ती ऐकताना तुम्ही नाक मुरडलंत तरी माझी हरकत नाही.

माझा जन्म सातासमुद्रापार एका भट्टीत झाला. पहिल्या महायुद्धात जे सैनिक मारले गेले, त्यांच्या घरी पाठवायला माझ्यासारख्या लाखो चकत्या ओतल्या गेल्या. प्रत्येकीवर एकच चित्र होतं. हातात त्रिशूळ घेतलेली एक बाई आणि तिच्या पायाशी सिंह. कडेने इंग्रजीत कोरलेलं, की हा माणूस स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. नाव मात्र प्रत्येकीवर वेगळं. माझ्यावर होतं कोंडू दौलत. ते नाव घरी पोचवायचं, एवढंच माझं काम होतं.

ते काम मला पंचाहत्तर वर्षं जमलं नाही.

१९२०च्या सुमारास मी टपालाने भिवंडी तालुक्यात, पूर्ण्याच्या अलीकडच्या एका गावात आले. त्या काळी सरकारी टपाल आधी पाटलाच्या ओसरीवर यायचं. कोंडूची बायको ठकुबाई महारवाड्यातली, म्हणून ती ओसरीखाली उभी राहिली. पाटलाला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण येत नाही म्हणायला त्याची जीभ उचलत नव्हती. त्याने मला उलटसुलट केलं. त्रिशूळ पाहिला, सिंह पाहिला आणि सुटकेचा श्वास टाकून म्हणाला, "ठके, सरकारने देवी पाठवली तुला. पूजा कर. नवरा येईल परत."

माझ्याबरोबर एक जाड कागद आला होता. तो पाटलाच्याच घरी राहिला. पुढे मी ऐकलं, की त्यात सुपारी बांधून ठेवत. त्याआधी मृत्यूचा निरोप आला असेल, तर तोही त्याच घरात कुठेतरी मुरला असणार.

ठकुबाईने मला शेणाने सारवलेल्या कोनाड्यात मांडलं आणि रोज हळदकुंकू वाहू लागली. "आई, धनी सुखरूप येऊ देत," असं म्हणून ती माझ्यापुढे डोकं टेकायची. मित्रांनो, ज्याच्या मरणाची मी खूण होते, त्याच्याच परतीचं मागणं ती माझ्याकडे मागत होती. मला तोंड असतं तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मला स्वतःचा इतका वीट यायचा, की कोनाड्यातून घरंगळून फुटावं वाटे. पण कासं घरंगळून फुटत नाही.

गावाने तेवढ्यात आपली कथा रचली. कोंडू फौजेतून पळाला. बोट सुटायच्या आधीच बंदरात उतरला आणि मुंबईत दुसरी करून बसला. "देवी पुजतेस ना, मग तुझ्या देवीला विचार की त्याचा पत्ता," असं विहिरीवर बायका म्हणायच्या. म्हणजे विहिरीपासून जरा लांब, कारण विहिरीवर ठकुबाईला जायची मुभा नव्हती. कोंडूची मुलगी कलावती बाप गेला तेव्हा दोन वर्षांची होती. 'पळपुट्याची पोर' हे तिचं गावातलं दुसरं नाव पडलं, आणि ते तिच्या लग्नातही वऱ्हाडाबरोबर जेवायला बसलं.

गावात सप्ताह बसला की ठकुबाई मंडपाबाहेर बांधावर बसून कीर्तन ऐकायची आणि घरी येऊन माझ्यापुढे ते गुणगुणायची. माझ्या साऱ्या आयुष्यात मला स्वच्छ वाटलेल्या वेळा तेवढ्याच. कीर्तनाची गोडी मला तिने लावली. हरिकथा ऐकत असताना माझ्या अंगावरच्या कुंकवाचीही किळस येत नसे.

ती वाट पाहून पाहून गेली. मी कलावतीकडे राहिले, ती गावातल्या गावातच दिली होती. मग छप्पन्न-सत्तावन्नच्या त्या दिवसांत महारवाड्यातल्या लोकांनी बुद्धाची दीक्षा घेतली आणि घरातले देव टोपल्यांत भरून खाडीवर नेले. कलावतीनेही मला नेलं. तिने मला हातात धरून म्हटलं, "आयेनं तुला एवढं पूजलं. तू काय दिलंस?" आणि चिखलात टाकलं. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर आणखी लांब फेकलं असतं.

दोन दिवसांनी पाटलांच्या घरची सून खाडीच्या चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, पकडायला आली. घरचे तिला पुढे आक्का म्हणू लागले. तिने मला पाहिलं, धुतलं, पदरात घेतलं आणि देवी स्वतःहून आली म्हणून देवघरात ठेवलं. तेच घर, मित्रांनो. ज्याच्या ओसरीवर मी पहिल्यांदा उतरले, त्याच घराच्या देवघरात मी आता बसले. कुणी विचारलं नाही की ही आली कुठून. आक्काला ठाऊक होतं, पण तीही बोलली नाही.

पुढची पस्तीस वर्षं मला चिंच आणि राखेने घासलं गेलं. घासून घासून बाईचं नाक गेलं, सिंहाचं तोंड सपाट झालं, कोंडूच्या बापाचं नाव अर्धं उरलं. वर तेल, शेंदूर, उदबत्तीची राख, आणि त्या थरात अडकलेल्या मुंग्या. भक्तीचा म्हणून जो थर लोक मिरवतात, तो आतून कसा वास मारतो ते मला विचारा.

एव्हाना आक्काचा मुलगा केसरीनाथ घरचा कर्ता झाला होता. नव्वदनंतर गावाच्या शेतांत गोदामं उभी राहू लागली, केसरीनाथच्या भाताच्या खाचरांवर ट्रक वळू लागले आणि आमचं देवघर संगमरवरी झालं. माणूस दिलदार होता, खोटं नाही सांगत. सप्ताहाची सगळी पंगत तो एकटा उचलायचा. फक्त त्याला आता एकच उणीव भासत होती. घराण्यात कुणी मोठं होऊन गेलेलं नव्हतं.

त्र्याण्णव साली घटस्थापनेआधी देव उजळायचं काम त्याच्या सुनेकडे आलं. सुनेचं नाव शैला. भिवंडीत हायस्कुलात शिकवायची. तिने शेंदूर खरवडला, चष्मा पुसला आणि बराच वेळ मला उजेडात धरून बसली. जन्मल्यापासून पहिल्यांदा मला कुणीतरी वाचत होतं.

"मामा," ती सासऱ्याला म्हणाली, "ही देवी नाही. लढाईत मेलेल्या एका सैनिकाची आठवण आहे. कोंडू नावाचा कुणीतरी."

केसरीनाथ पानाचा विडा लावता लावता थांबला. "कोंडू? आमच्या आज्याचा धाकटा भाऊ व्हता कोंडू."

"तो साप चावून मेला," आक्का कोपऱ्यातून म्हणाली. "गोठ्यात."

"आई, तुला त्येव्हाचं काय ठावं? तू तर लगीन होऊन पण आली नव्हतीस."

चार दिवसांत हमरस्त्यावर कमान बांधायचं ठरलं. 'वीर हुतात्मा कोंडू पाटील प्रवेशद्वार'. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर होती. शैलाला मात्र चैन पडेना. तिने शाळेतल्या इतिहासाच्या सरांकडून पत्ता मिळवला आणि परदेशात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कार्यालयाला पत्र घातलं. उत्तर यायला चार महिने लागले. ते आलं माघातल्या सप्ताहात, काल्याच्या आदल्या दिवशी. कमानीवर नाव रंगवून झालं होतं.

शैलाने उत्तर घरात मोठ्याने वाचलं. कोंडू, दौलतचा मुलगा, ठकुबाईचा नवरा, महार, राहणार हेच गाव, तालुका भिवंडी. १९१७ साली बसऱ्याकडे लढाईत मृत्यू. कबर नाही. एका वहीत नाव आहे.

आक्काने तोंड उघडलं. "मी खाडीवरनं आणली व्हती. वाड्यातल्या लोकांनी देव टाकलं त्येव्हा."

"चाळीस वरसं बोलली न्हाईस?"

"देवी व्हती ना ती. देवीला कुठं विचारायचं, तू कुनाच्या घरची?"

आणि मग, मित्रांनो, मी ते पाहिलं. केसरीनाथ देवघराशी आला. काल संध्याकाळपर्यंत तो माझ्या पायी कपाळ टेकत होता. आता त्याने खांद्यावरचं फडकं काढलं, हातावर गुंडाळलं आणि त्या फडक्याने मला उचललं. जसा मेलेला उंदीर उचलतात तसं. "आई, देवघर गोमूत्रानं धुऊन घे."

शैला म्हणाली, "मामा, मग कमानीवरचं नाव?"

"त्याला काय झालंय? नाव रंगवलंय. पेंटर उद्या गावाला चाललाय."

"पण माणूस त्यांचा आहे."

"माणूस बसऱ्याला मेला, सूनबाई. नावाला कुठं जात असते?"

ज्या नावाला जात नसते, ते ज्या चकतीवर आहे ती त्याला हातात धरवत नव्हती. मला गोठ्यात पेंडीच्या रिकाम्या पोत्याखाली टाकलं. चिखल सोसला, शेंदूर सोसला, पण त्या फडक्याची ओकारी मला आजतागायत येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलाने मला पोत्याखालून काढलं आणि उघड्या हाताने धरलं. आधी ती देवळामागच्या खोलीत गेली, जिथे कीर्तनकार चांगदेवबुवा उतरले होते. बुवा टिळा लावत होते. केसरीनाथने त्यांच्याकडे आधीच चिठ्ठी दिली होती, काल्याच्या कीर्तनात आमच्या वीर पूर्वजाचं नाव घ्या म्हणून. शैलाने पत्राची नक्कल त्यांच्यापुढे ठेवली. बुवांनी ती दोनदा वाचली.

"पाहतो, मुली," ते म्हणाले.

चांगदेवबुवांचं कीर्तन मी बारा वर्षं देवघरातून ऐकत आले होते. त्यांचा आवाज लागला की मला ठकुबाईचा बांध आठवे. त्यामुळे मी निर्धास्त होते.

मग ठकुबाईच्या मुलीचा पत्ता आक्काकडून घेऊन ती कलावतीकडे आली. घर बौद्धवस्तीच्या टोकाला. वय ऐंशीच्या घरात, पण पाठ ताठ. ती दारात मेथी निवडत बसली होती. शैलाने मला तिच्या मांडीवर ठेवलं. तिने बोटांनी सिंह चाचपला.

"ही आमची. मीच टाकली व्हती. परत कशाला आणलीस, बाय? आमी देव सोडलं."

"ही देवी नाही, आजी. हे तुमच्या वडिलांचं नाव आहे." आणि शैलाने सगळं पत्र वाचून दाखवलं, हळूहळू, दोनदा.

कलावतीने मेथीची जुडी बाजूला ठेवली. तिने सरकारचं काही विचारलं नाही, कमानीचं विचारलं नाही.

"पळाला न्हाय ना?"

"नाही. लढता लढता गेले."

"आये म्हनायची, यील. मरेपर्यंत म्हनायची." मग बराच वेळ ती माझ्यावरचा शेंदूर नखाने काढत राहिली. "आनि कमानीवर कुनाचं नाव लावलंय म्हनतेस?"

"कोंडू पाटील."

"बापाला पाटील केला," ती म्हणाली. "व्हता त्येव्हा वरनं पानी वाढत व्हते."

तेवढ्यात देवळावरच्या भोंग्यातून बुवांचा आवाज आला. काल्याचं कीर्तन रंगात होतं. शौर्याचा प्रसंग आला, बुवा थांबले. आम्ही तिघी ऐकत होतो. बुवा म्हणाले, "या गावचा एक वीर परमुलखात देह ठेवून गेला. त्याचं नाव..." आणि मग नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "नाव देवाला ठाऊक आहे." मृदंगावर थाप पडली, टाळ सुरू झाले आणि कोंडू त्या गजरात बुडाला.

बुवांनी खोटं सांगितलं नाही, खरंही सांगितलं नाही. गळ्यात तुळशीची माळ, शेजारी वीणा, आणि बुवा गप्प. मित्रांनो, कीर्तनावर माझा जीव आहे, म्हणूनच सांगते, केसरीनाथच्या फडक्यापेक्षा मला त्या गप्प बसण्याची जास्त शिसारी आली. फडकं निदान उघडउघड फडकं होतं.

कलावती उठली. पायात चपला घातल्या. मला पदरात न झाकता हातात धरलं. "चल," ती शैलाला म्हणाली.

मंडपात दहीहंडी फुटून पोह्यांचा काला वाटणं चाललं होतं. ठकुबाई जिथे बसायची तो बांध ओलांडून कलावती आत गेली, थेट बुवांसमोर. लोक बाजूला झाले. काही आदराने, काही दुसऱ्या कारणाने.

"बुवा, तुमी नाव घेतलं न्हाय. मी घेते." माईक चालूच होता. "कोंडू दौलत, महार. माझा बाप. बसऱ्याला मेला. पळाला न्हाय."

एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. केसरीनाथ हातात काल्याचं पातेलं घेऊन उभा होता. त्याला काहीतरी करायला हवं म्हणून त्याने द्रोण भरला आणि पुढे केला. "घ्या काकी, परसाद."

"नको," कलावती म्हणाली. "मी नाव सांगाया आले व्हते."

चांगदेवबुवांनी मान खाली घातली. मग त्यांनी आपला फेटा उतरवून वीणेपाशी ठेवला आणि पुढच्या सालचं बिदागीचं बोलणं न करताच गाव सोडलं. ते खरे शरमले की नुसते अवघडले, मला सांगता येत नाही.

कमान आजही उभी आहे. तिच्यावर खोटं नाव आहे आणि तिच्याखालून रोज शेकडो ट्रक जातात. गावाला मात्र आता खरं ठाऊक आहे, आणि शैलाला सासरी पाणीसुद्धा टोमण्यासकट मिळतं. ती तरीही दर रविवारी वस्तीत येते. कलावतीच्या नातवंडांना माझ्यावरची अक्षरं लावून दाखवते.

मी आता खिडकीत असते. फुलं नाहीत, शेंदूर नाही, कुणी पाया पडत नाही. माझ्यावर धूळ बसते, ती कलावती सुक्या कपड्याने पुसते, आणि चिंच लावू देत नाही कुणाला.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. तिच्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नसेल तर तसं सांगा, लाजू नका, आणि वाचता येईल अशा माणसाकडे न्या. वाचता न येण्याची मला कधीच किळस आली नाही. पाटलाने त्या दिवशी ओसरीवर "मला येत नाही" एवढे तीन शब्द म्हटले असते, तर ठकुबाईने नवऱ्यासाठी रडून घेतलं असतं.