आरपार घर

कंडक्टरने एकतीस वर्षं माणसांना एकच गोष्ट सांगितली: पुढे सरका. आणि एकतीस वर्षांत माणसं बोटभरही सरकली नाहीत. त्यामुळे निवृत्त झाल्यावर घर घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने दलालापुढे एकच अट ठेवली. घराला दार असावं, आणि ते लागावं.

"अहो, दाराशिवाय घर कुठे असतं?" दलाल म्हणाला.

"असतं," कंडक्टर म्हणाला. "मी तसल्याच घरात वाढलोय."

त्यात खोटं काही नव्हतं. लहानपणी त्याची खोली अशा जागी होती की आख्ख्या इमारतीची नळावर जायची वाट तिच्यातूनच होती. तो रांगायला शिकला तो बादल्यांच्या मधून. लग्नानंतर भाड्याची खोली मिळाली, तर घरमालक राहायचा तिच्या मागे. तो दिवसातून आठ वेळा मधून जायचा आणि जाताजाता पातेल्यावरचं झाकण उचलून बघायचा. आणि नोकरीबद्दल तर बोलायलाच नको. शेवटच्या थांब्यावर जेवायला मिळायची सात मिनिटं. समोर पुढच्या फेरीचे साठ उतारू डब्याकडे टक लावून उभे, आणि ड्रायव्हरचा हात हॉर्नवर. कंडक्टर घास गिळायचा तो पेटीत पत्र टाकावं तसा, वरून खाली.

"तुम्ही जेवत नाही," बायको म्हणायची, "डबा रिकामा करता."

तेव्हा त्याचं स्वप्न काही बंगल्याचं नव्हतं. दार लावायचं, बायकोच्या समोर बसायचं, आणि कुणीही बघत नसताना एक जेवण सावकाश जेवायचं. एवढंच.

घर मिळालं ते आगगाडीच्या डब्यासारखं होतं. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, एकाला एक लागून. पुढचं दार बाजारच्या रस्त्यावर, मागचं दार गल्लीत. एका म्हातारीचं होतं, ती मुलीकडे राहायला गेली होती. "हवा आरपार जाते," दलाल कौतुकाने म्हणाला. माणसंही जातात, हे सांगायचं त्याच्याकडून राहून गेलं.

पहिल्या सकाळी नवराबायको बांधलेल्या खोक्यांवर बसून चहा पीत होती. पुढचं दार उघडलं. जाड चष्म्याची एक बाई पिशवी घेऊन आत आली, "बसा बसा, उठू नका," म्हणाली, आणि मधल्या खोलीतून, स्वयंपाकघरातून मागच्या दाराने निघून गेली.

दोघांनी कप हातात धरून मागच्या दाराकडे पाहिलं.

"तुमच्याकडची का?" बायकोने विचारलं.

"मला वाटलं तुझी मावशी."

एवढ्यात पोस्टमन आला आणि गेला. मग शिडीवाला आला. "डोकी सांभाळा," म्हणाला. दोघांनी डोकी सांभाळली. मग शाळेच्या बाई आल्या, त्यांच्यामागे दोन-दोनच्या रांगेत चाळीस पोरं, आणि प्रत्येक पोर कंडक्टरला "नमस्ते" म्हणून गेलं. मग कपाट उचलून दोन माणसं आली. त्यांनी "जरा एक कोपरा धरा हो," म्हटल्यावर कंडक्टरने धरला. कपाट खाली ठेवलं तेव्हा तो बनियनवर मागच्या गल्लीत उभा होता, आणि स्वतःच्या घरात यायला त्यालाही रांगेत थांबावं लागलं.

नऊ वाजेपर्यंत एकशे बारा माणसं झाली. मोजायचं त्याच्या मनात नव्हतं, पण डोकी दिसली की मोजायची ही सवय काही निवृत्त झाली नव्हती.

कारण साधं होतं. घराशेजारी गोदामांची लांबच लांब भिंत होती. बाजारातून मागच्या गल्लीत जायचं तर तिला वळसा घालून पंचवीस मिनिटं लागत. घरातून एकोणीस पावलं. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालणार कोण? म्हातारीच्या काळापासून सगळे इथूनच जात, आणि घर विकलं गेलं म्हणून वाट विकली जाते हे कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. बँडवाल्याचा भोंगा एकदा स्वयंपाकघराच्या दारात अडकला, तर बायकोने भांड्यांचा साबण लावून तो सोडवला. त्यानंतर म्हणे तो भोंगा वाजवला की फुगे यायचे. चार वाजून दहा मिनिटांनी एक बकरी जायची. तिच्यासोबत कुणी नसायचं. तिला वाट माहीत होती, आणि वेळही.

कंडक्टरने समजावून पाहिलं. इस्त्रीवाला डोक्यावर कपड्यांचं गाठोडं घेऊन चालला होता, त्याला अडवून तो म्हणाला, "हे बघ बाबा, हे आता आमचं घर आहे."

"हो ना काका. फार बरं झालं," इस्त्रीवाला मनापासून म्हणाला. "म्हातारीला काळजीच होती, कोण घेतंय म्हणून." आणि गेला.

बाकी संसार मात्र चांगला लागत होता. टाकी भरलेली असायची, घड्याळ बरोबर चालायचं, कुंड्या टवटवीत होत्या. आपली बायको या वयात एवढी चपळ कशी झाली, याचं कंडक्टरला नवल वाटे. आपला नवरा न सांगता घरातलं बघायला लागला, याचं बायकोला. पण बोललं की दृष्ट लागेल म्हणून दोघंही गप्प होती, आणि मनातल्या मनात एकमेकांवर खूश होती.

खोकी उपसली गेली, टेबल लागलं, आणि आठव्या दिवशी दुपारी बायको म्हणाली, "बसा. आज नीट जेवू." कंडक्टर बसला. पहिला घास उचलला. तेवढ्यात शेजारून दातांचा डॉक्टर चालला होता, तो थांबला आणि वाकून म्हणाला, "घास मोठा घेताय. आणि प्रत्येक घास चाळीस वेळा चावायचा."

कंडक्टरने घास खाली ठेवला. डॉक्टर मागच्या दारातून बाहेर पडला तसं दार लावून घेतलं, त्याला कुलूप घातलं, पुढच्या दाराला आडणा लावला, आणि कमरेवर हात ठेवून मधल्या खोलीत उभा राहिला.

"बरं केलंत," बायको म्हणाली. "मला कपडे बदलायचे तर गादी उभी करून तिच्यामागे जावं लागत होतं."

बाहेर टकटक झाली. मग कुजबुज झाली. मग पावलं भिंतीच्या बाजूने लांब लांब गेली. चार वाजून दहा मिनिटांनी दारावर शिंगं घासल्याचा आवाज आला, तोही थांबला. जेवण तोवर पार गारढोण झालं होतं. "उद्या," कंडक्टर म्हणाला. "उद्या थाटात जेवू." आणि त्या रात्री तो राजासारखा झोपला.

सकाळी नळाला पाणी नव्हतं.

"टाकी भरली नाहीस?" त्याने विचारलं.

"मी? टाकी तर तुम्ही भरता ना?"

"मी कधी भरली?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कंडक्टरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. म्हातारीचं किल्लीचं घड्याळ होतं ते, तीन वाजता थांबलं होतं.

"किल्ली द्यायला विसरलात वाटतं," बायको म्हणाली.

"मी त्या घड्याळाला हात लावलेला नाही. मला वाटलं तू देतेस."

कचऱ्याचा डबा तोंडापर्यंत भरला होता. कुंड्यांनी माना टाकल्या होत्या. दूध आत आलेलं नव्हतं. बायकोने सुरी घेऊन कांदा कापायला घेतला, तर कांदा कापायच्या ऐवजी चेपला गेला. ती सुरी खाली ठेवून खुर्चीवर बसली.

"म्हणजे सुरीला धारही तुम्ही लावत नव्हता?"

"आणि माझ्या सदऱ्यांना इस्त्री तू करत नव्हतीस?"

"इस्त्री अजून खोक्यातच आहे," बायको म्हणाली.

आठ दिवसांचं सगळं कौतुक दोघांनी निमूटपणे परत घेतलं. मग प्रश्न उरला, हा संसार चालवत होतं कोण?

कंडक्टरने आडणा काढून पुढचं दार उघडलं. पायरीवर इस्त्रीवाला बसला होता. भिंतीला वळसा घालून आल्याने घामाने निथळत होता, आणि गाठोडं शेजारी ठेवून दम खात होता.

"बसू द्या जरा, काका. आत नाही येत."

"टाकीचा कॉक कोण फिरवायचं?" कंडक्टरने विचारलं.

"पोस्टमन. सव्वासातला."

"घड्याळ?"

"दातांचा डॉक्टर. जाताजाता."

"कचरा?"

"पोरं. रांगेतली शेवटची जोडी. सुरीला शिडीवाला, दुधाला बँडवाला, कुंड्यांना चष्म्याच्या बाई." इस्त्रीवाल्याने मान खाली घातली. "सदरे माझ्याकडे होते."

"पण का?"

"म्हातारीचे गुडघे गेले ना, तेव्हाची रीत. ती म्हणाली, जायचं तर खुशाल जा, पण फुकट नाही. एका फेरीला एक काम."

कंडक्टर हळूच त्याच्या शेजारी पायरीवर बसला. एकतीस वर्षांत त्याने दारुड्यांना उतरवलं होतं, फुकट्यांना उतरवलं होतं, एकदा तर कोंबड्यांची पाटी घेऊन चढलेल्या एका वकिलाला उतरवलं होतं. पण तिकीट काढलेल्या माणसाला मध्येच खाली उतरवल्याचा डाग त्याच्या नावावर नव्हता. आणि काल त्याने भरलेली गाडीच रिकामी केली होती.

"आम्हाला सांगितलं का नाहीत रे?"

"त्यात सांगायचं काय? तुम्ही काही बोलला नाहीत, आम्हाला वाटलं चाललंय बरं."

"आणि ती बकरी काय काम करते?"

"बकरीला पास आहे," इस्त्रीवाला गंभीरपणे म्हणाला. "म्हातारीने दिलेला."

मग कंडक्टर जी गोष्ट त्याने बायकोशिवाय कुणाला सांगितली नव्हती ती बोलून गेला. "मला दार लावून जेवायचं होतं रे. एकदा तरी. कुणी बघत नसताना."

इस्त्रीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. हसला नाही. गाठोड्याची गाठ आवळत म्हणाला, "मग काका, तुम्ही एवढी वर्षं गाडीवर होतात. गाडी काय चोवीस तास चालते?"

उतारूने कंडक्टरला वेळापत्रक शिकवावं, याहून मोठी नामुष्की नाही. कंडक्टर उठला, आत गेला आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर वेळा लिहायला बसला. बायको खांद्यावरून बघत होती.

"दुपारी एक तास माझा," ती म्हणाली. "मला गादी उभी करायची नाही."

"लिहिलं."

"आणि भोंगा आडवा नाही, उभा धरायचा."

तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंडक्टर इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या दारात उभा राहिला. कमरेला तिकिटं पंच करायचा जुना चिमटा होता. कापायला काही नव्हतं, पण हातात असला की आवाज चढतो. दारावर पुठ्ठा होता: पहिली फेरी सात, मध्ये एक ते दोन बंद, शेवटची फेरी साडेसात. रस्त्यावर गर्दी गोळा झाली होती. पोस्टमन सगळ्यांत पुढे.

"एकामागून एक," कंडक्टर म्हणाला. "दारात थांबायचं नाही. पुढे सरका."

आणि माणसं पुढे सरकली. एकही कुरकुरला नाही, एकही दाराला लोंबकळला नाही. मधली खोली, स्वयंपाकघर, मागचं दार. कंडक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोने विचारलं तर तो म्हणाला, कांद्याचं आहे. कांदा तेव्हा कुणी कापत नव्हतं. शिडीवाला सुरी घेऊन नुकता बसला होता.

दिवसभरात चारशे सहा माणसं आणि एक बकरी झाली. दातांचा डॉक्टर सर्वांत शेवटी, सात एकोणतीसला आला, घड्याळाला किल्ली दिली, टेबलावरच्या ताटांकडे पाहून काही बोलायला तोंड उघडलं, कंडक्टरने चिमटा कटकन वाजवला आणि तो पुढे सरकला. साडेसातला दोन्ही दारं लागली.

दोन मिनिटांनी पुढच्या दारावर थाप पडली. "अहो, मी बँडवाला. एकटाच आहे."

"गाडी गेली," कंडक्टर आतूनच म्हणाला.

बँडवाला वळशाला लागला. गोदामांच्या भिंतीपलीकडून भोंगा पों पों करत लांब जाताना ऐकू आला, आणि मग काहीच ऐकू येईना.

दोघं टेबलाशी बसली. टाकीत पाणी होतं, घड्याळ चालत होतं, दार लागलेलं होतं. कुणी बघत नव्हतं. कंडक्टरने घास उचलला.

बायकोने मीठ घेतलं, पाणी ओतलं, पदर सावरला आणि पहिला घास तोंडात घालून वर पाहिलं, तर समोरचं ताट लख्ख रिकामं. कंडक्टर अर्धवट उठलेला, एक हात टेबलावर, कान दाराकडे. हॉर्नची वाट बघत होता.

त्याचं त्यालाच कळलं. तो पुन्हा बसला. कान लाल झाले.

बायकोने डाव घेतला आणि त्याच्या ताटात पुन्हा थोडं वाढलं, अगदी पहिल्यांदा वाढावं तसं.

"हळू," ती म्हणाली. "आता कुठलीच गाडी सुटायची नाहीये."

कंडक्टरने छोटा घास घेतला. चावला. डोळे छताकडे लावून बराच वेळ चावत राहिला.

"कितीपर्यंत गेलात?" तिने विचारलं.

"सव्वीस," तो घास गिळून म्हणाला. "मग निसटला."

"घ्या दुसरा," बायको म्हणाली, आणि ताट त्याच्याकडे सरकवलं.