पूजेआधी धुतलेली जमीन

मी शरच्चंद्र. एका कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होतो, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा पगार घेतला. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. हॉटेलात पाण्याचा ग्लासही मी उजेडात धरून बघतो आणि शुभा, माझी बायको, मान दुसरीकडे वळवते.

मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये लाकडी फ्लोअरिंग बसवलं ते सहदेवने. कुडाळकडचा माणूस, इतकी वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली राबलेला. स्वतःच्या नावावर घेतलेलं हे त्याचं पहिलंच काम. पाचव्या मजल्यावरचा मिहिर रविवारी येऊन बघणार होता आणि पसंत पडलं तर त्याचं अख्खं घर सहदेवला देणार होता. मी गुडघ्यांवर बसून पट्टी न् पट्टी ठोकून पाहिली, सांध्यांत नख घालून पाहिलं आणि 'ठीक आहे' म्हटलं. काम झकास होतं, पण तसं म्हणणं माझ्या जिवावर येतं. जाताना सहदेवने बजावलं, यावर पाणी ओतायचं नाही, फडकं घट्ट पिळून पुसायचं.

गुरुवारी सत्यनारायण होता. शुभा केळीचे खांब आणायला बाजारात गेली आणि मला चैन पडेना. चपला फिरलेल्या जमिनीवर नुसतं फडकं मारून चौरंग कसा मांडायचा? आमच्याकडे पूजेआधी लादी धुतातच. दोन बादल्या पाण्यात गोमूत्र घालून ओतलं, खराट्याने बाल्कनीकडे लोटलं, पंखा लावला. शुभा येईपर्यंत वरून सगळं कोरडं होतं.

रविवारी सकाळी पट्ट्यांच्या कडा फुगून वर आलेल्या. मी सहदेवला फोन करून वाटेल ते बोललो. गंमत म्हणजे राग अगदी खरा होता. बादल्यांची आठवण मी कुठेतरी दडपून टाकली होती.

तो आला तेव्हा मिहिर हॉलमध्ये उभाच होता. सहदेवने भिंतीकडची एक पट्टी उचलली. खालचा फोम चिंब, वर गोमूत्राचा वास. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मिहिरने विचारलं, काय झालंय. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं.

"कामच कच्चं आहे," मी म्हणालो.

सहदेवने पट्टी खाली ठेवली. "बदलून देतो, काका," एवढंच म्हणाला. वयाने मोठ्या माणसाला दुसऱ्यासमोर खोटं पाडायचं नाही, हे त्याने पाळलं आणि मी त्याचा फायदा घेतला.

दोन दिवस तो उकिडवा बसून नव्या पट्ट्या बसवत होता. दुसऱ्या दिवशी मी चहा दिला तेव्हा हळूच म्हणाला, "आमच्याकडे पण पूजेआधी जमीन सारवतात. पूजा आहे हे माहीत होतं मला. दोनदा सांगायला हवं होतं."

माझी चूकही तो स्वतःच्या अंगावर घेत होता. मला तिथे उभं राहवेना. तसाच पाचव्या मजल्यावर गेलो आणि दारातच मिहिरला सांगितलं की पाणी मी ओतलं, सहदेवचं काम चोख आहे. मिहिर आधी हसला. मग म्हणाला की कालच दुसऱ्या माणसाला काम दिलं, सामानही येऊन पडलंय.

"पण काका, तेव्हा का नाही बोललात?"

मी जिन्याकडे वळलो. खाली आलो तर सहदेव हत्यारं पिशवीत भरत होता. मी त्याला सगळं सांगून हात जोडले. त्याने घाईघाईने माझे हात खाली केले.

"राहू द्या, काका. ठेकेदाराला फोन केलाय मी. उद्यापासून परत त्याच्याकडे."

तो हे तक्रार म्हणून बोलला नाही, म्हणूनच जास्त लागलं.