वरून दुसरी तार

वाल्मिकने डावा पाय उचलून घडीच्या छोट्या लोखंडी स्टुलावर ठेवला, आणि कमरेतून निघालेली कळ थेट टाचेपर्यंत जाऊन आली. मांडीवरची गिटार कलंडली. दुकानातल्या मुलीने ती चटकन सावरली.

"पीठ सीधी रखो, अंकल. सब ऐसेही बैठते हैं."

"बसत असतील बाई. तीस वर्षं लूमपुढे उभं राहून मग बसावं त्यांनी."

मराठी ऐकल्यावर ती हसली. "तुम्ही तर आपलेच निघाले. आम्ही पण धुळ्याकडचे. म्हणजे मम्मी-पप्पा. मी इकडचीच." तिच्या खिशावरच्या पट्टीवर सोनाली असं नाव होतं.

वाल्मिक तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. मुलीने ओढणी सारखी केली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

"रागावू नको. कानाने कमी येतं मला. ओठांवरून समजतं."

लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात उभा जन्म गेलेल्या माणसाचं हे असंच होतं. चोवीस लूम एकदम खडखडायला लागले की कान पहिल्या दहा वर्षांतच राजीनामा देतात. मग माणूस डोळ्यांनी ऐकायला शिकतो. परमुलखात, भेस्तानच्या त्या खात्यात वाल्मिक मास्तर होता, लूमची देखभाल त्याच्याकडे होती, आणि बोलणारं तोंड समोर असलं की त्याचं काही अडत नसे. पाठमोरं झालं की मात्र त्याला एक शब्द कळत नसे.

"वाजवणार कोण?" सोनालीने विचारलं.

"मुलगा."

"उंची किती त्याची? उंचीवर असतं हे."

"माझ्याएवढीच."

"मग त्यालाच आणायचं ना अंकल. नाहीतर गिटार तरी."

"गिटार घराबाहेर निघत नाही," वाल्मिक म्हणाला आणि मान खाली घातली. पोरीने सहज विचारलं होतं, पण खाई त्याला खवखवे.

योगराज जाऊन तीन वर्षं झाली होती. एका लग्नात गिटार वाजवायला म्हणून गेला आणि परत येताना कामरेजच्या अलीकडे हायवेवर संपला. गिटार मागून मित्राच्या गाडीत येत होती, ती सुखरूप घरी आली. दहाव्याला तापीच्या घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. कावळे होते, झाडावर बसून बघत होते. बहिणीचं लग्न चांगलं करू म्हणून सांगितलं, आईला जपू म्हणून सांगितलं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी वाल्मिक पुढे झाला आणि पिंडासमोर हात जोडून म्हणाला, "पोरा, तुझी गिटार आम्ही कधी घरातून हलवणार नाही." आणि कावळा खाली आला.

तेव्हापासून ती गिटार बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. दोन खोल्यांचं हे घर खात्याच्या बरोबर वर होतं. वाजवणारा गेल्यावर तारा सैल पडत गेल्या, आणि त्यातली वरून दुसरी तार एक दिवस आपोआप गुणगुणायला लागली. वाल्मिकला ते ऐकू आलं नाही. त्याने बायकोला बघितलं. उषाबाई गिटारीपुढे उभी होती, भिंतीकडे तोंड, त्याच्याकडे पाठ; हात तारांवर. ती आत गेल्यावर त्याने स्वतः बोट टेकवून पाहिलं, तर तार जिवंत होती. अंगावर सरसरून काटा आला.

पण मास्तर तो मास्तर. दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीखालचा अकरा नंबरचा लूम बंद केला आणि वर जाऊन बोट लावलं. तार मेलेली. लूम चालू केला, तार पुन्हा थरथरायला लागली. मदतनीस सुकलालने विचारलं, मास्तर, अकरा नंबर कशाला थांबवला? तेल द्यायचं होतं, असं सांगून त्याने वेळ मारून नेली. बायकोला मात्र त्याने काही सांगितलं नाही. दिवसातून चार-पाच वेळा ती त्या गिटारीपाशी जाई, तारांवर हात ठेवी आणि पाठमोरी काहीतरी बोले. काय बोले ते कळत नसे. पण न कळण्यासारखं त्यात होतं काय? आई लेकराशी काय बोलणार! मंगळवारी खातं बंद असे, तार गप्प असे, आणि त्या दिवशी उषाबाई अन्नाला शिवत नसे. पोराचा आवाज नाही म्हणून घास उतरत नाही, एवढं वाल्मिकने न विचारता समजून घेतलं होतं.

आणि आता शेठने सगळे लूम काढायचे ठरवले होते. सचिन गावातल्या नव्या कारखान्यात पाण्याच्या जोरावर विणणारी मशिनं बसली होती, हे जुने या बुधवारी संध्याकाळी बंद होणार होते. वाल्मिकची नोकरी तिकडे पक्की होती, घरही राहणार होतं. पण तार? पोरगा एकदा गेला तो गेला. तो दुसऱ्यांदा जाताना बायकोचं तोंड बघायची वाल्मिकमध्ये ताकद नव्हती. ती स्वयंपाकघरात असली की आपण बाहेर बसून तेवढी एक तार वाजवायची, ती बाहेर आली की गिटार जागेवर, असं त्याने योजलं होतं. दोनदा तिच्या गैरहजेरीत खुर्चीवर बसून करूनही पाहिलं. कंबर धरली, गिटार घसरली, डाव्या हाताने ती सावरायची की तार छेडायची हेच कळेना. म्हणून तो या दुकानात आला होता.

"हे स्टूल नको," तो म्हणाला. "भीक नको पण कुत्रं आवर."

सोनालीने एक जाड उशी आणली. मांडीवर उशी, उशीवर गिटार. दोन्ही पाय जमिनीवर राहिले, कंबर सुखावली. वाल्मिकने वरून दुसरी तार अंगठ्याने छेडली आणि वाट पाहिली. काहीच नाही. त्याला आवाज कळायचा तो हाडांत, आणि उशीने तो सगळा पिऊन टाकला होता.

"आणखी?"

तिसरी वस्तू विचित्र होती. एक वाकडी दांडी, तिला दोन रबरी वाट्या. वाट्या गिटारीच्या कडेवर दाबून चिकटवायच्या, दांडी मांडीवर टेकवायची. योगराजची ती साधी, टवके उडालेली गिटार आणि तिला हा थाट. नाकापेक्षा मोती जड. पण मांडीवरची दुकानातली गिटार आपसूक उचलली गेली, तिची पाठ त्याच्या छातीला येऊन टेकली. त्याने डोळे मिटून तार छेडली. बरगड्यांच्या मधोमध मुंग्या चालल्यासारखं झालं, आणि बराच वेळ होत राहिलं.

"हे," तो म्हणाला. "काढायला किती वेळ लागतो?"

"वाटीच्या कडेला नख घातलं की सुटते."

त्याने ती लावली, काढली. पुन्हा लावली, पुन्हा काढली. पाच वेळा.

"एवढी कसली घाई अंकल? चोरी करायची आहे का?"

"तसंच काहीतरी."

ती हसली. वस्तू पिशवीत घालताना तिने बजावलं, "मुलाला सांगा, आधी ओल्या फडक्याने जागा पुसायची. मळ असला तर रबर धरत नाही."

बुधवारी दुपारी उषाबाई शेजारी हळदीकुंकवाला गेली, तेव्हा वाल्मिकने गिटारीची कडा पुसली. तीन वर्षांत पहिल्यांदा. तळहाताएवढीच जागा. फडक्यावर आलेली तपकिरी रेघ पोराच्या हाताची की खात्यातल्या धुळीची, कोणी सांगावं? ते फडकं त्याला धुववेना. संध्याकाळी खाली एकेक लूम थांबत गेला, आणि पायाखालची फरशी, जी कायम किंचित थरथरत असायची, ती दगडासारखी स्थिर झाली.

गुरुवारी सकाळी उठल्या उठल्या उषाबाई गिटारीपाशी गेली. वाल्मिक अंथरुणातून बघत होता. तिने तारांवर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. वाकून लाकडाला कान लावला. मग तिचे खांदे हलायला लागले. पाठीवरून दिसत होतं तेवढं पुरे होतं. तिने आंघोळ केली, धुवट लुगडं नेसली आणि त्याला काही न सांगता चप्पल घालून बाहेर पडली.

आता उशीर करून चालणार नव्हतं. त्याने खुर्ची खिडकीशी ओढली, तिथून जिना दिसत होता. वाट्या दाबून बसवल्या. गिटार छातीशी आली. योगराज लहान असताना त्याला असंच छातीशी धरून तो याच खिडकीत बसायचा. तासाभराने जिन्याच्या तळाशी उषाबाई दिसली. तिच्या हातात फोडलेल्या नारळाची वाटी होती. वाल्मिक वाजवू लागला. हळू, अंगठ्याच्या मऊ भागाने, एकाला लागून एक, म्हणजे गुणगुण तुटू नये.

जिन्याच्या मधोमध ती थांबली.

ऐकलं, वाल्मिकने मनात म्हटलं, आणि त्याला इतका आनंद झाला की तो वाजवतच राहिला. ती वर येईना. एका हाताने कठडा धरून तशीच उभी. मग ती एक पायरी चढली, तसा तो उठला. वाटीच्या कडेला नख घातलं, पण घामाने बोट घसरलं. दांडी सुटेना. त्याने दांडीची बाजू भिंतीकडे करून गिटार उभी केली आणि खुर्चीत येऊन बसला, तोच ती दारात आली.

घरात ती त्याच्याशी अहिराणीच बोलायची, आणि आज समोर तोंड करून बोलली.

"आखो कन्हाले लागना का तो?"

"कोण?"

"सकायपाईन गप व्हता." नारळाची वाटी तिने जमिनीवर ठेवली. "आज मंगयवार नही, मन्हा उपास नही, तरी गप. माले वाटनं, सुटना पोऱ्या. म्हादेवले नारय फोडी उनू मी."

वाल्मिक तिच्या ओठांकडे बघत होता. पोरगा कण्हत होता, आणि आज सुटला म्हणून नारळ? त्याला वाटलं, आपण चुकीचं वाचतोय.

"तीन वरीस कन्ही ऱ्हायना तो," ती म्हणाली. "घाटवर तुम्ही शबद दिन्हा, गिटार हालाडसू नही. त्याना जीव तठेच अटकना. मी हात ठेवू, उगा ऱ्हाय म्हनू, जाय आते म्हनू. तुम्हले ऐकू येत नही. तुमनं बरं शे."

तिची ती पाठ, तो तारांवरचा हात, ते न दिसणारे ओठ. तीन वर्षं त्याच्या पुढ्यात ती त्याच्या शब्दात अडकलेल्या पोराला जा म्हणत होती, आणि तो खाली उतरून अकरा नंबरला वेळेवर तेल देत होता. एकदाही तो तिच्या समोरच्या बाजूला जाऊन उभा राहिला नव्हता. आत्ता गप्प बसलं तरी चालणार होतं. दांडी भिंतीकडे होती, तिला ती दिसत नव्हती.

तो उठला आणि त्याने गिटार फिरवली.

"तो नही," तो म्हणाला. "मी व्हतू."

"तुम्ही? तुम्हले काय येस वाजाडाले?"

त्याने सगळं सांगितलं. अकरा नंबरचा लूम, सैल पडलेली तार, दुकान, स्टूल, उशी, या रबरी वाट्या. सांगताना आवाज केवढा लागतोय याचं त्याला भान नव्हतं. बहुधा तो ओरडत असावा, कारण समोरच्या गॅलरीतली बाई वळून बघायला लागली. उषाबाई मधे एकदाच बोलली.

"मंग मंगयवारे?"

"मंगयवारे खातं बंद ऱ्हास."

ती भिंतीला टेकून खाली बसली. तीन वर्षांचे मंगळवार तिने पोराच्या सुटकेसाठी उपाशी काढले होते, आणि उपासाला गुण येतो म्हणून धीर धरला होता. तिला हसू येतंय की रडू, हे वाल्मिकला तिच्या तोंडावरून सांगता येईना. त्याने तिच्याजवळ जाऊन बसावं असं मनात आणलं, पण तो गिटारीपाशीच उभा राहिला. आपण हिला तीन वर्षं एकटीला सोडलं, एवढंच त्याला समजत होतं.

तिने मान वर केली.

"वाजाडा," ती म्हणाली. "मन्हासमोर."

तो खुर्चीत बसला. दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, गिटार छातीशी घेतली आणि तार छेडली. बरगडीत थरथर उठली. उषाबाई त्याच्या अंगठ्याकडे बघत होती. ती आणखी घाबरेल म्हणून त्याने तार दाबून टाकायला तळवा पुढे केला.

"हात नका ठेवू. आपोआप थांबू द्या."

त्याने हात हवेतच ठेवला. थरथर बारीक होत गेली. छातीतली गेली, मग मांडीवरची दांडीही निर्जीव झाली. त्याच्यापुरतं सगळं संपलं होतं, पण उषाबाई अजून ऐकत होती. मान किंचित कलती, डोळे मिटलेले. कुणाला तरी निरोप द्यायला दाराशी उभं राहावं, आणि जाणारा वळणावर दिसेनासा होईपर्यंत आत येऊ नये, तशी ती थांबली होती. वाल्मिक तिच्या ओठांवर नजर लावून बसला. खाली खात्यात कुणीतरी पहिला लूम जमिनीपासून मोकळा करायला घेतला असावा, फरशीला एक हलका धक्का लागला. ती जागची हलली नाही.

मग तिने डोळे उघडले.

"गया," ती म्हणाली.